पोटरी पुन्हा पुन्हा का धरते? हौशी ट्रायथलीटांसाठी समस्या निवारण

पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही करणाऱ्या ट्रायथलीटाची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. धावताना चौथ्या-पाचव्या किलोमीटरला पोटरी आतून आवळल्यासारखी होते, आणखी पाचशे मीटर रेटले की पाऊल टेकवणे नकोसे होते आणि उरलेले अंतर लंगडत कापावे लागते. मग दोन आठवडे धावणे बंद. त्या काळात पोहणे आणि सायकल चालूच असते, चालताना काही जाणवत नाही, जिना सहज चढता येतो, आणि पंधराव्या दिवशी बूट बांधून बाहेर पडल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा धावणे इतके सुरेख होते की दुखणे गेले अशी खात्रीच पटते. त्यानंतर आठ-दहा दिवसांत, बहुधा सायकलनंतर लगेच धावण्याच्या सरावात, पोटरी त्याच जागी पुन्हा धरते. आमच्या क्लबात दर मोसमात कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतो, आणि चाळिशी ओलांडलेल्या सभासदांकडून तो गुडघ्याच्या तक्रारीपेक्षाही अधिक वेळा येतो.

या दुखण्याचे मूळ शोधायला पोटरीच्या आधी ट्रायथलीटाच्या आठवड्याकडे पाहावे, असे माझे मत आहे. केवळ धावणारा माणूस दोन आठवडे थांबला की त्याचा दमही थोडा उतरतो, त्यामुळे परत आल्यावर तो आपोआप हळू आणि कमी धावतो. ट्रायथलीटाच्या बाबतीत ही नैसर्गिक वेसण नसते. पोहण्याने आणि सायकलने त्याचे हृदय आणि फुप्फुसे तयारीत राहतात, मांड्या तयारीत राहतात, आणि पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर आरामात होतील असे शरीर त्याला सांगते. दम परत आलेला असतो, किंबहुना तो गेलेलाच नसतो. पोटरी मात्र पंधरा दिवस सुट्टीवर असते. सायकलवर पाऊल जमिनीवर आपटत नाही आणि पाण्यात शरीराचे वजनच जवळजवळ नसते, तर धावताना टाचेमागच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर, प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो असा अंदाज आहे. मिनिटाला १७० पावले आणि किलोमीटरला सहा मिनिटे असा साधा हिशेब धरला, तर एका किलोमीटरमध्ये एकेका पायाच्या वाट्याला पाचशेहून अधिक पावले येतात. या कामाची उजळणी सायकलवर होत नाही, मग ती कितीही तास चालवली तरी.

एका सभासदाच्या घड्याळातील नोंद मी त्याच्या शेजारी बसून पाहिली होती. सुट्टीनंतरची धावण्याची अंतरे अशी होती: ३, ५, ५, ८, आणि मग रविवारी ६० किलोमीटर सायकलनंतर लगेच १०. हे सगळे अकरा दिवसांत. त्याचे म्हणणे असे की आठवड्याचा एकूण सराव त्याने वाढवलेलाच नव्हता, आणि ते अक्षरशः खरे होते, कारण पोहणे, सायकल आणि धावणे यांचे तास एकत्र मोजले तर आलेख अगदी सपाट होता. पण पोटरीला एकूण तास समजत नाहीत, तिला पावले समजतात, आणि पावलांचा आलेख शून्यातून सरळ उभा चढला होता. २०२५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इजेचा संबंध आठवड्यांच्या बेरजेतील वाढीशी दिसला नाही. मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धावण्यापेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून अधिक अंतर धावण्याशी तो दिसला. वरच्या नोंदीत पाचावरून आठ म्हणजे साठ टक्के आणि आठावरून दहा म्हणजे पंचवीस टक्के, अशा लागोपाठ दोन उड्या होत्या, आणि दुसरी तर दमलेल्या पायांनी मारलेली होती.

आधी हे तपासावे

उपायांकडे वळण्यापूर्वी, हे दुखणे खरोखर पोटरीच्या स्नायूचे किंवा कंडरेचेच आहे याची खातरजमा करणे आवश्यक आहे, कारण पोटरीत दुखणाऱ्या काही गोष्टी व्यायामाने बऱ्या होणाऱ्या नसतात आणि त्यांत उशीर महागात पडतो.

एकच पोटरी सुजली आहे, गरम किंवा लालसर वाटते, आणि दुखणे धावण्याशी निगडित नसून बसल्या-झोपल्याही राहते, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट तातडीच्या विभागात. अशा पोटरीला मालीश करू नये, आणि सध्या प्रत्येकाच्या पिशवीत असणारे ते थरथरणारे मसाज यंत्र तर अजिबात लावू नये.

धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून फट्‌ असा आवाज झाला आणि त्यानंतर एका पायावर टाच उचलता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. पालथे झोपून पाऊल पलंगाच्या कडेबाहेर सोडावे आणि दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगावी. दाबल्यावर पाऊल हलत नसेल तर वाट पाहू नये. कधी कधी तुटलेल्या कंडरेनेही माणूस चालू शकतो, म्हणून चालता येते यावरून निष्कर्ष काढू नये.

दुखणे मागच्या मांसल भागात नसून नडगीच्या हाडावर आहे, एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, रात्री ठणकते आणि एका पायावर उडी मारली की तिथेच कळ येते, तर हाडाला बारीक चीर पडत असल्याचा संशय धरावा आणि धावणे पूर्ण थांबवून तपासणी करून घ्यावी. वजन झपाट्याने उतरवले असेल, तीन खेळांचा सराव करूनही खाणे एका खेळाइतकेच असेल किंवा महिला सभासदांची पाळी अनियमित झाली असेल, तर हा संशय अधिक बळावतो आणि आहाराचा विषय डॉक्टरांसमोर उघडपणे मांडायला हवा.

आणखी एक बाब फारशी कोणी विचारत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविके नुकतीच घेतली आहेत का? या औषधांनी कंडरेला इजा होऊ शकते, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ साली त्यांच्या माहितीपत्रकात त्यासाठी सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापणे बंधनकारक केले. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, पण आपण धावतो आणि टाचेमागे दुखते आहे हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगावे.

दर वेळी ठरावीक मिनिटांनंतर पोटरी दगडासारखी घट्ट होणे, पाऊल बधिर होणे आणि थांबल्यावर थोड्या वेळात सगळे पूर्ववत होणे, हा नमुना स्नायूंच्या आवरणातील दाबाचा किंवा रक्तवाहिनीचा असू शकतो. त्याचे निदान घरी होत नाही.

कोणता भाग दुखतो, यावर पुढचे सगळे अवलंबून

पोटरी म्हणजे एकच स्नायू नव्हे. वर दिसणारा, दोन फुगीर भागांचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखाली दडलेला, रुंद आणि चपटा सोलियस गुडघ्याच्या खाली सुरू होतो. दोघे मिळून खाली अकिलीस कंडरा होऊन टाचेच्या हाडाला चिकटतात. गुडघा सरळ असताना दोघेही काम करतात, गुडघा वाकवला की वरचा सैलावतो आणि भार मुख्यतः सोलियसवर येतो. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली की निम्मे निदान घरच्या पायरीवर होते. दुखणे वरच्या आतल्या बाजूला, एका क्षणी चमक भरून सुरू झाले असेल आणि गुडघा सरळ ठेवून टाच उचलताना अधिक जाणवत असेल, तर तो गॅस्ट्रोक्नेमियस. दुखणे खोल, पसरट, नेमके बोट ठेवता न येणारे असेल, हळूहळू आवळत आले असेल आणि गुडघा वाकवून टाच उचलताना जाणवत असेल, तर बहुधा सोलियस.

सुट्टीनंतर असे परत येणारे दुखणे माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा सोलियसचेच निघाले आहे. हा स्नायू फसवा आहे. त्याला बारीक इजा झाली तरी चालता येते, निळेपणा दिसत नाही, आणि साध्या सोनोग्राफीतही ती निसटू शकते, त्यामुळे अहवाल निर्दोष आला म्हणून माणूस पुन्हा धावू लागतो. शंका उरत असेल तर एमआरआय अधिक खात्रीचा.

कंडरेचे दुखणे याहून वेगळे वागते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले ताठर पडतात, धावायला सुरुवात केल्यावर दुखते, अंग तापल्यावर कमी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब चुकता करते. कंडरेच्या मध्यावर, म्हणजे टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटीमीटर वर, चिमटीत धरल्यावर दुखत असेल तर एक प्रकार, आणि हाडाला चिकटते त्या जागी दुखत असेल तर दुसरा. हा फरक पुढे व्यायाम करताना कामी येईल.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते ते सांगतो. थोडे दुखत असताना धावावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर स्नायू आणि कंडरा यांच्या बाबतीत एकमेकांच्या उलट आहे. कंडरेच्या दुखण्यात शून्य ते दहा या मापावर पाचपर्यंतचे दुखणे चालते, मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरले पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. स्वीडनमधील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या नियमाच्या आधारे धावणे चालू ठेवणारे रुग्ण, धावणे बंद ठेवणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. स्नायूच्या ताज्या इजेला हा नियम लावणे म्हणजे उसवत्या शिवणीवर ओढ देणे. तिथे आवळल्याची पहिली जाणीव झाली की थांबायचे आणि चालत परतायचे. क्लबात एकाने दुसऱ्याला दिलेला सल्ला उलटतो तो असाच: सांगणाऱ्याची कंडरा दुखत होती आणि ऐकणाऱ्याचा सोलियस.

टाच उचलण्याची चाचणी

धावण्याच्या बुटांसह पायरीसमोर एका पायावर उभे राहावे, तोल सांभाळण्यापुरती बोटे भिंतीला टेकवावीत आणि दोन सेकंदांत एक या लयीने टाच पूर्ण वर उचलून खाली आणावी. आकडा स्वतः मोजू नये, कोणाला तरी बाजूला उभे करून पायाकडे पाहायला सांगावे. वर उल्लेखलेल्या सभासदाने ही चाचणी क्लबाच्या पायऱ्यांवर केली. निरोगी पायाने त्याने २४ वेळा टाच उचलली. दुखऱ्या पायाने त्याने २२ मोजले, पण तेराव्या वेळेपासून गुडघा हळूच वाकून झटका देऊ लागला होता, अंग भिंतीकडे कलले होते, घोटा बाहेरच्या बाजूला लवंडत होता आणि टाच आधीच्या निम्म्याच उंचीवर जात होती. खरा आकडा १२ होता. त्याला चालताना, जिन्यावर किंवा सायकलवर हे कधीच कळले नसते.

सरळ गुडघ्याने २० ते २५ आणि किंचित वाकवलेल्या गुडघ्यानेही साधारण तितकेच, आणि दोन्ही पायांत दोन-तीनपेक्षा जास्त फरक नाही, इतके जमल्याशिवाय मी कोणाला पुन्हा धावायला सांगत नाही. पूर्वी एकदा पोटरी धरलेली असणे आणि वय वाढलेले असणे, या दोन गोष्टी पोटरीच्या इजेची शक्यता सर्वांत जास्त वाढवतात. वय आपल्या हातात नाही, त्यामुळे उरलेल्या बाबतीत तरी कसर ठेवू नये.

बळ कसे भरावे

स्नायूची ताजी इजा असेल तर पहिले तीन-चार दिवस लंगडावे लागणार नाही इतकेच चालावे, दोन्ही बुटांत टाचेखाली सेंटीमीटरभर उंचीची गादी ठेवावी आणि पोटरी ताणण्याचा मोह टाळावा. आवळलेली वाटते म्हणून ती भिंतीला रेटून ताणणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. तो आखडलेपणा बरेचदा इजेचाच परिणाम असतो, आणि ताणल्याने भरू लागलेले तंतू पुन्हा उसवतात. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणे त्याहून वाईट, कारण थांबायचा इशाराच पुसला जातो, आणि लांब पल्ल्याच्या सरावात, घामाने पाणी कमी झालेले असताना, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर भार पडतो तो वेगळाच.

चालणे सुरळीत झाले की दोन्ही पायांवर टाच उचलण्यास सुरुवात करावी. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, सरळ गुडघ्याने आणि नंतर खुर्चीत बसून मांडीवर वजन ठेवून. बसून केलेला प्रकार सोलियससाठी आहे आणि तो नेमका लोक गाळतात, कारण तो करताना फारसे काही केल्यासारखे वाटत नाही. दोन्ही पायांवर सहज जमू लागले की एका पायावर, आणि एका पायावर १५ जमू लागले की पाठीवर वजन भरलेली पिशवी किंवा व्यायामशाळेतील यंत्र. आठवड्यातून तीन दिवस, तीन ते चार फेऱ्या. सुरुवातीला जेमतेम १५ वेळा उचलता येईल इतके वजन आणि बारा आठवड्यांत हळूहळू जेमतेम सहा वेळा उचलता येईल इतके, हा क्रम कंडरेच्या दुखण्यावर चांगला पारखला गेलेला आहे. मधला एक दिवस मोकळा ठेवावा. जोरदार भारानंतर कंडरेतील कोलॅजन या प्रथिनाची आधी झीज होते आणि भरणी नंतर वरचढ ठरते, त्यामुळे रोज जड भार दिल्यास झीजच पुढे राहते.

कंडरेसाठीचा जुना आणि अधिक प्रसिद्ध उपाय स्वीडिश शल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन यांच्या नावाने ओळखला जातो. ते स्वतः धावणारे होते आणि त्यांचीच अकिलीस दुखत होती. शस्त्रक्रियेस नकार मिळाल्यावर, दुखणे वाढले तर ती करावीच लागेल या विचाराने ते पायरीवर टाच खाली सोडण्याचा व्यायाम मुद्दाम दुखेपर्यंत करत गेले, आणि दुखणे उलट कमी झाले, अशी त्याची कथा सांगितली जाते. १९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले: १५ वेळांच्या तीन फेऱ्या, सरळ आणि वाकवलेल्या गुडघ्याने, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, शेवटी पंधराही जण पूर्वीसारखे धावू लागले. दिवसाला १८० वेळा टाच खाली सोडणे नोकरी आणि तीन खेळ सांभाळणाऱ्या माणसाला फार काळ जमत नाही, असा माझा अनुभव आहे. २०१५ साली डेन्मार्कमधील तुलनेत आठवड्यातून तीन दिवसांचा जड वजनाचा क्रम याच्याइतकाच गुणकारी ठरला, म्हणून मी तो सुचवतो. दुखणे कंडरेच्या टोकाला, हाडालगत असेल तर मात्र कोणताही व्यायाम सपाट जमिनीवरच करावा. पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडली की कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणे चिघळते.

सायकल आणि तलाव निर्दोष नसतात

धावणे बंद आहे म्हणजे पोटरीला विश्रांती आहे, असे गृहीत धरले जाते. सीट उंच असेल तर पॅडल तळाशी जाताना पाय पुरा पडत नाही आणि पंजा खाली रोखून पोटरी प्रत्येक फेरीला ताणात राहते. मागून व्हिडिओ काढून पाहावा. तळाशी टाच वर उचललेली आणि कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट थोड्या-थोड्या मिलिमीटरने खाली घ्यावी. बुटाखालची क्लीट (पॅडलमध्ये अडकणारी पट्टी) बोटांच्या फार जवळ बसवलेली असेल तर टाचेपर्यंतची तरफ लांब होते आणि पोटरीचे काम वाढते. ती काही मिलिमीटर मागे, पावलाच्या मध्याकडे सरकवली की भार मांडीकडे जातो आणि धावण्यासाठी पोटरी शिल्लक राहते. जड गिअर कमी फेऱ्यांनी रेटण्याचा आणि उभे राहून चढ चढण्याचा सराव या काळात बाजूला ठेवावा.

तलावातील कारण तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. २५ मीटरच्या तलावात २००० मीटर पोहताना ७९ वेळा भिंतीला पाय लावून शरीर ढकलावे लागते, आणि प्रत्येक वेळी तो धक्का मुख्यतः मांडी आणि पोटरी देतात, तेही पंजा ताणलेल्या अवस्थेत. पोटरी नुकतीच धरलेली असताना वळणावर एकाच, निरोगी पायाने हलके ढकलावे, पायात पंख घालून पोहणे बंद ठेवावे आणि लाथांचा वेगळा सराव टाळून मांड्यांमध्ये तरंगक धरून हातांचा सराव करावा. खुल्या पाण्यात भिंत नसते. तिथला धोका बाहेर पडताना असतो. थंड पाण्यात बराच वेळ पंजे ताणून आडवे पोहल्यावर अचानक उभे राहून अनवाणी, चढावर, सायकलींकडे धावणे हा पोटरीसाठी सर्वांत वाईट क्षण आहे. पोटरीचा इतिहास असलेल्याने ते अंतर भरभर चालत जावे. गेलेले वीस सेकंद सायकलवर भरून निघतात.

धावण्यात परत येताना

अर्धा तास झपझप चालणे, वरील टाचेची चाचणी आणि दुखऱ्या पायावर वीस छोट्या उड्या, हे तिन्ही दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीशिवाय पार पडले की सुरुवात करावी. पहिल्या दिवशी एक मिनिट धावणे आणि एक मिनिट चालणे, असे दहा वेळा, सपाट जागेवर. दमाच्या दृष्टीने हे हास्यास्पद वाटेल आणि ते वाटलेच पाहिजे. एक दिवस आड करून धावण्याची मिनिटे दोन, तीन, पाच अशी वाढवत सलग २० मिनिटांपर्यंत यायला तीन ते चार आठवडे द्यावेत. त्यानंतर आधी कालावधी, मग आठवड्यातील दिवस, मग चढ आणि वेग, आणि सायकलनंतरचे धावणे सर्वांत शेवटी, या क्रमाने भर घालावी. लांब धावण्याची मर्यादा मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब अंतरापेक्षा दहा टक्के. या काळात धावण्याची नोंद पोहणे-सायकलपासून वेगळ्या रकान्यात ठेवावी, नाहीतर तोच सपाट आलेख पुन्हा दिशाभूल करतो.

सायकलनंतर लगेच धावण्याच्या सरावाविषयी थोडे अधिक. सायकलच्या वेगाची सवय झालेल्या मेंदूला पहिला किलोमीटर नेहमी मंद भासतो, म्हणून माणूस नकळत ठरवल्यापेक्षा जोरात धावतो, आणि तेही अशा पोटरीने जिने आधीच काही हजार फेऱ्या मारलेल्या असतात. सायकलची शेवटची दहा मिनिटे हलक्या गिअरवर काढावीत, पहिला किलोमीटर घड्याळाकडे पाहून मुद्दाम मंद ठेवावा, आणि सुरुवातीच्या दोन-तीन वेळा दहा मिनिटांवर थांबावे.

बुटांबाबत एकच इशारा. टाच आणि पंजा यांच्या उंचीतील फरक जितका कमी, तितके पोटरीचे काम जास्त. मी स्वतः एकदा दहा मिलिमीटर फरकाच्या बुटांवरून एकदम चार मिलिमीटरच्या बुटांवर गेलो आणि दुसऱ्याच आठवड्यात पोटरी हातात धरून रस्त्याच्या कडेला बसलो. गुडघा दुखणाऱ्याला टाचेऐवजी पंजावर उतरायला सांगतात, तो सल्लाही पोटरीवाल्याने घेऊ नये. त्याने गुडघ्याचा भार पोटरीवरच येतो. दाब देणाऱ्या मोज्यांनी आराम वाटत असेल तर घालावेत, पण ते घालून अंतर वाढवू नये.

मध्येच पुन्हा आवळली तर

थांबावे. ताणून, चोळून, थोडे चालून पुन्हा धावून पाहू नये. किरकोळ ताण आणि महिनाभराची इजा यांतील फरक बहुतेक वेळा त्या शेवटच्या पाचशे मीटरमध्ये पडतो. दोन दिवसांनी टाचेची चाचणी घ्यावी. आकडा शाबूत असेल तर आधीच्या आठवड्याच्या टप्प्यावर परत यावे, कमी झाला असेल तर चालणे आणि वजनाच्या व्यायामापासून. याच पद्धतीने दोनदा प्रयत्न करूनही तिसऱ्यांदा पोटरी धरली, तर स्वतःचे प्रयोग थांबवून खेळाडूंना पाहणाऱ्या फिजिओकडे जावे आणि सोबत तारखा, अंतरे, सायकलनंतर की ताज्या पायांनी, कोणते बूट आणि चाचणीचे आकडे लिहून न्यावेत. पहिल्या भेटीत निदान होण्याची शक्यता त्या एका कागदाने बरीच वाढते.

स्पर्धा तोंडावर असेल तर निर्णय तीन आठवडे आधी घ्यावा, आदल्या रात्री नव्हे. स्प्रिंट प्रकारात शेवटी ५ किलोमीटर धावायचे असते, ऑलिंपिक अंतरात १०, ‘अर्धे अंतर’ म्हणवल्या जाणाऱ्या लांब प्रकारात २१.१. तीन आठवडे शिल्लक असताना त्या अंतराच्या निदान दोन तृतीयांश इतके सलग, मंद गतीने, दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीविना धावता येत नसेल, तर आयोजकांना लिहून छोट्या अंतरात नाव बदलून घ्यावे, रिलेमध्ये पोहण्याचा किंवा सायकलचा टप्पा घ्यावा, किंवा पोहणे-सायकल एवढ्याचाच वेगळा गट असेल तर त्यात उतरावे. बहुतेक आयोजक वेळेत कळवल्यास हा बदल करून देतात. स्पर्धेच्या आठवड्यात सहसा देत नाहीत.